कोनाड्यातला कप आणि साने गुरुजी

लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तिरोडी. नागपूरहून निघायचं, तुमसर रोडला गाडी बदलायची आणि खिडकीशी बसून मँगनीजचे काळे ढीग कधी दिसतात याची वाट बघायची. तिरोडी बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. पण १९५६ पर्यंत बालाघाट, भंडारा, नागपूर सगळं एकाच प्रांतात होतं. पुढे राज्यांची वाटणी झाली, सीमारेषा आली, आणि आमच्यासारखी मराठी घरं रेषेच्या पलीकडे राहिली. आजोबा खाणीच्या ऑफिसात कारकून होते. बाहेर हिंदी, घरात मराठी.

हे मराठी टिकवण्याचं काम आजीचं. रात्री अंगणात खाटा टाकल्या की ती 'श्यामची आई' वाचायची. वाचता वाचता तिचा आवाज भरून यायचा आणि आम्ही नातवंडं पांघरुणात तोंड लपवून रडायचो. एका प्रसंगात म्हातारी महारीण रस्त्यात मोळी टाकून बसलेली असते. तिला कोणी हात लावत नाही, आणि आई श्यामला ती मोळी उचलून द्यायला सांगते. तो आजीचा फार आवडता.

त्याच घराच्या मागच्या पडवीत, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप असायचा. सकाळी नाली साफ करायला एक बाई येई. काम झालं की ती कप स्वतः उतरवायची, खाली ठेवायची, आणि आजी वरून धार धरून त्यात चहा ओतायची. एकदा मी तो कप खेळायला घेतला, तर आजी म्हणाली, "अरे, त्याला शिवू नकोस, तो तिचा आहे." रागावून नाही, अगदी साध्या आवाजात.

आजी वाईट होती का? मुळीच नाही. त्या बाईच्या मुलीच्या लग्नात तिने स्वतःचं लुगडं दिलं होतं. पण रात्रीचं पुस्तक आणि सकाळचा कप यांची गाठ तिच्या मनात कधी पडलीच नाही. माझ्याही पडली नाही. ती पडायला मला पस्तिशी गाठावी लागली.

आपल्यापैकी बहुतेकांना साने गुरुजी माहीत असतात ते हळवे, मातृभक्त, मुलांना गोष्टी सांगणारे. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड. अमळनेरच्या शाळेत शिक्षक. १९३० च्या कायदेभंगात नोकरी सोडून तुरुंगात गेले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. इथवर आपण शाळेत शिकतो. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा लढा मात्र धड्यात नसतो.

पंढरपूर हे महाराष्ट्राचं माहेर, असं आपण म्हणतो. पण चौदाव्या शतकात चोखोबा ज्या दाराबाहेर उभे राहिले, ते दार त्यांच्या समाजासाठी १९४७ सालीही बंदच होतं. दलित वारकरी शेकडो मैल चालत यायचे आणि बाहेरूनच कळसाला हात जोडून परत जायचे. देश स्वतंत्र व्हायच्या बेतात असताना हे चालूच राहणार असेल, तर ते स्वातंत्र्य कोणाचं, असा गुरुजींचा सवाल होता.

त्यांनी थेट उपोषणाला सुरुवात केली नाही. आधी काही महिने महाराष्ट्र पालथा घातला. सोबत सेवादलाचं कलापथक आणि सेनापती बापटांसारखी माणसं. गावोगावी सभा, गाणी, विनवण्या. या दौऱ्यातच ठिकठिकाणची मंदिरं आणि विहिरी खुल्या झाल्या. पंढरपूरचे बडवे मात्र तयार होईनात. तेव्हा १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी उपोषणाला बसले. गंमत बघा, पांडुरंगाच्या दारासाठी उपाशी बसलेल्या माणसाचं नावही पांडुरंगच!

विरोध कडवा होता. उपोषण म्हणजे जबरदस्ती, असं सनातनी म्हणत. खुद्द गांधीजींनीही उपोषण सोडण्याचा सल्ला दिला. ज्यांना आयुष्यभर गुरू मानलं त्यांचं म्हणणं गुरुजींनी नम्रपणे नाकारलं. हळव्या माणसाचा हा कणा मला फार मोलाचा वाटतो. अखेर दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर-प्रवेशाचा कायदाही झाला. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली माँटगोमेरीचा बस-बहिष्कार झाला तो १९५५ साली, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा. पण १९३४ पर्यंत ते या निष्कर्षाला आले होते की देवळाच्या दारात ताकद खर्च करण्यापेक्षा शिक्षण आणि राजकीय हक्क मिळवावेत. मग गुरुजींचं उपोषण कोणासाठी होतं? मला वाटतं, ते मुख्यतः दाराच्या आतल्या लोकांसाठी होतं. म्हणजे आपल्यासाठी. दार बंद करणाऱ्याच्या मनावरची कडी काढायची, तर ते काम त्याच्याच घरातल्या कोणीतरी करायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

दार उघडलं तरी बाकीचं उघडायला फार काळ गेला. बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ साली झाला, तो सर्वोच्च न्यायालयात टिकला २०१४ साली. त्यानंतर विठ्ठल-रखुमाईच्या पूजेसाठी इतर जातींचे पुजारी आणि स्त्रियाही नेमल्या गेल्या. ते बघायला गुरुजी नव्हते. ११ जून १९५० रोजीच ते गेले होते.

आता माझ्या घराकडे येतो. गेल्या वर्षी मी माझ्या आठ वर्षांच्या लेकीला 'श्यामची आई' वाचून दाखवत होतो. मोळीचा प्रसंग झाला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, आपल्या मावशींचा मग सिंकच्या खाली का असतो?"

खरंच होता. स्टीलचा, वेगळा. मी आणि बायको दोघंही शिकलेले, जात न मानणारे. आम्ही त्याला 'हायजीन' म्हणत होतो. पण घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी, माझ्या ऑफिसातल्या मित्रांसाठी कधी वेगळा मग ठेवला नव्हता. तिरोडीचा कोनाडा मी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो होतो, फक्त त्याचं नाव इंग्रजी झालं होतं. लेकीला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मग आम्ही इतर कपांच्या रांगेत ठेवला. पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. मावशी कितीतरी दिवस रांगेतून तोच मग शोधून काढायच्या, आणि चहा घ्यायला खाली बसायच्या. "राहू द्या हो दादा, सवय आहे," म्हणायच्या. खुर्चीवर बसायला त्यांना महिना लागला, आणि आम्हाला ते अवघडल्याशिवाय बघायला बहुधा तेवढाच.

येत्या २४ डिसेंबरला गुरुजींची जयंती आहे. आपल्या मुलांना 'श्यामची आई' जरूर वाचून दाखवा. त्याचबरोबर पंढरपूरच्या त्या दहा दिवसांबद्दलही सांगा. आणि मुलांनी काही विचारलं, तर उत्तर देण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन सिंकच्या खाली बघून या.