डाव कुणी निवडायचा?

श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराला गर्दी लोटते. मांडवीकाठच्या या देवळात तांदळाच्या पिंडी पाहायच्या, दर्शन घ्यायचे आणि मग कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळायचे, हा जुन्नर तालुक्यातल्या अनेक घरांचा शिरस्ता. आखाड्याभोवतीच्या जाणत्या माणसाचे लक्ष निकालापेक्षा वेगळ्याच गोष्टीवर असते. हा गडी ढाक लावतो की पट काढतो? घिस्सा मारतो की कलाजंग? पैलवानाला डाव पुष्कळ ठाऊक असतात, पण अंगात मुरलेले दोन-तीनच. एक डाव घोटायचा म्हणजे दुसऱ्यावरचा वेळ सोडायचा. लांब हातापायांच्या गड्याला जे साधते ते ठेंगण्या, भक्कम गड्याला साधेलच असे नाही. शिवाय प्रत्येक डावाला तोड असते. एकच डाव साऱ्यांना चितपट करणारा असता, तर तालमीत वस्ताद कशाला लागला असता?

हाच प्रश्न आज घरातल्या संगणकाच्या पडद्यावर येऊन बसला आहे. मुलगा तासन्‌तास काय खेळतो, ते आईवडिलांना बाहेरून कळत नाही. दिसते ती नुसती मारामारी. पण ऑनलाइन खेळांतला एक प्रकार असा आहे, की त्यात जगभरचे हजारो खेळाडू एका कल्पित जगात वावरतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. पात्र एकेक पायरी चढले की कौशल्याचा एक गुण हाती येतो. तो कुठे खर्चायचा, हे खेळाडूने ठरवायचे.

२००४ साली आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ. त्यात दहाव्या पायरीपासून साठाव्यापर्यंत मिळून ५१ गुण मिळत. योद्ध्यापुढे शस्त्रविद्या, रौद्र आणि संरक्षण अशी तीन झाडे असत, आणि तिन्ही पूर्ण वाढवणे अशक्य. कागदावर पाहिले तर निवडीची नुसती चंगळ! प्रत्यक्षात कितीतरी फांद्यांवर ‘घाव वर्मी बसण्याची शक्यता एक टक्क्याने वाढेल’ असले काहीतरी लिहिलेले असे, आणि तेच पाच वेळा घ्यायचे. ते सोडणारा वेडाच ठरणार. मग निवड कसली? हिशेबी मंडळींनी गणिते मांडून सर्वांत लाभदायक याद्या तयार केल्या, आणि बाकीच्यांनी त्या उतरवून घेतल्या.

अखेर २०१२ मध्ये निर्मात्यांनी ती झाडेच तोडली. दर पंधरा पायऱ्यांनी तीन पर्याय, त्यातला एक घ्यायचा. सगळ्या मिळून सहा निवडी. जुने खेळाडू कुरकुरले. आमच्या हातातून काही काढून घेतले, अशी त्यांची भावना. २०२२ मध्ये झाडे नव्या रूपात परत आली. इतक्या वर्षांची ही ओढाताण पाहिली, की वाटते, पर्याय ६ की ५१ हा मुद्दाच नव्हे.

कपर्दिक म्हणजे कवडी. मोक्षपटावर कवड्या पडतील तसे घर पुढे जायचे. शिडी लागली तर वर, सापाने गिळले तर खाली. खेळणारा काहीच ठरवत नाही. सोंगट्यांच्या पटावरही कवड्यांचे दान दैवाधीनच, पण कोणती सोंगटी पुढे काढायची आणि कोणती उघड्यावर ठेवायची, हे आपल्या हाती. एक टक्क्याच्या त्या फांद्या म्हणजे सोंगट्यांचे सोंग घेतलेला मोक्षपट होता.

दुसरी गोष्ट चूक दुरुस्त करण्याची. २००० सालच्या ‘डायब्लो २’ या खेळात एकदा टाकलेला गुण मागे घेता येत नसे. फसलात तर पात्र सोडा आणि पहिल्यापासून सुरुवात करा! ही सोय व्हायला २०१० उजाडले. वॉरक्राफ्टमध्ये मात्र खेळातले सोने मोजून सारे गुण मोकळे करून घेता येत. पहिल्यांदा १ मोहोर, मग ५, असे चढत चढत ५० पर्यंत. मला हीच रीत शहाणपणाची वाटते. दार फुकट उघडे असले की कुणी विचार करत नाही. कायमचे बंद असले की माणूस धास्तावतो आणि दुसऱ्याची यादी उतरवतो.

ही धास्ती आपल्या घरात दर उन्हाळ्यात येते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतिक्रम भरता येतो. ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयात कला, वाणिज्य, विज्ञान एकाच आवारात आहेत. तरीही निवड बहुधा शेजारच्या हुशार मुलाने काय घेतले, यावरून होते. याचे कारण केवळ आईवडिलांचा हट्ट नव्हे. विज्ञानाकडून कलेकडे यायला वाट आहे. कलेकडून अभियांत्रिकीकडे जायची वाट जवळजवळ बंद. मग ‘आधी विज्ञान घेऊन ठेव, पुढचे पुढे’ हा सल्ला मिळणारच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या भिंती पाडायचे म्हटले आहे. अर्ज भरणाऱ्याला मात्र त्या अजून दिसतात.

अर्जाला बसण्याआधी पडद्यासमोरच्या मुलाला एकदा विचारून पाहावे : अरे, हा गुण तू इथेच का टाकलास, आणि त्यासाठी काय सोडलेस? एरवी हूं की चूं न करणारा तो मुलगा बहुधा अर्धा तास बोलेल.