जामीन, जामीनदार आणि फरारी

जुन्या मराठी कारभारात हाजिरजामीन आणि मालजामीन असे दोन निराळे शब्द रूढ होते. पहिला, अमुक इसम बोलावल्या वेळी हजर होईल याची हमी घेई, आणि दुसरा, त्याच्याकडून येणे असलेल्या रकमेची. आज जामीन एवढा एकच शब्द आपल्या तोंडी उरला आहे, आणि त्या दोहोंतला भेद पुसला गेल्यामुळे असा समज सर्वत्र रुजला आहे की, फौजदारी खटल्यात जामीन मिळणे म्हणजे ठरावीक रक्कम भरून मोकळे होणे, आणि पुढे आरोपी पसार झालाच, तर ती रक्कम सरकारजमा होऊन हिशेब मिटणे. वस्तुतः फौजदारी न्यायालय मागते तो हाजिरजामीनच. मुचलक्यावर लिहिलेली रक्कम ही स्वातंत्र्याची किंमत नसून, आरोपीने दिलेल्या शब्दामागे लावलेला तो पण आहे.

हा शब्द मोडणे हाच मुळी एक स्वतंत्र अपराध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जुन्या दंडसंहितेत 2005 च्या दुरुस्तीने तशी तरतूद घातली गेली, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 मध्ये ती कायम आहे: जामिनावर किंवा मुचलक्यावर सुटलेला आरोपी पुरेशा कारणावाचून न्यायालयात हजर झाला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि ही शिक्षा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेव्यतिरिक्त व मुचलका जप्त होण्याव्यतिरिक्त. गैरहजेरीस पुरेसे कारण होते हे शाबीत करण्याचा भारही त्याच्याच शिरावर असतो. गुन्हा जामीनपात्र असला म्हणजे जामीन हा कायमचा हक्कच, ही समजूतही अर्धवट होय. कारण हजेरीच्या अटी एकदा मोडणाऱ्यास त्याच खटल्यात पुन्हा जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायालयास आहे. फरारी म्हणून घोषित झालेल्याला तर अटकपूर्व जामीन सामान्यतः मिळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्टच सांगितले.

परंतु पळणाऱ्याच्या शिक्षेपेक्षा मला अधिक चिंता वाटते ती त्याच्या जामीनदाराची. गावाकडे भावकीतल्या कोणाचा मुलगा अडकला, की सातबाराचा उतारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन जिल्ह्याच्या न्यायालयात उभा राहणारा गृहस्थ बहुधा भिडेखातर आलेला असतो, आणि ‘नुसती सही तर करायची आहे’ एवढेच त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ही नुसती सही नसते. आरोपी नेमल्या तारखेस आला नाही आणि मुचलका मोडल्याची न्यायालयाची खात्री झाली, तर रक्कम का वसूल करू नये याची नोटीस जामीनदारास निघते. समाधानकारक खुलासा झाला नाही, तर ती रक्कम दंडाप्रमाणे वसूल होते, आणि तशीही वसूल न झाल्यास जामीनदारास सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. मात्र याच्या उलट टोकाची भीतीही खरी नव्हे. आरोपीच्या मूळ गुन्ह्याची सजा जामीनदाराला भोगावी लागत नाही. नोटिशीवाचून त्याच्या जमिनीवर कोणी चालून येत नाही. रकमेचा काही भाग माफ करण्याची मुभा न्यायालयास आहे. आणि मुचलका जप्त होण्यापूर्वीच जामीनदार वारला, तर त्याच्या वारसांकडील इस्टेट त्या देण्यातून मुक्त होते.

जामीनदाराने विसरू नये अशी गोष्ट आणखी एक आहे, आणि नेमकी तीच त्याला कोणी सांगत नाही. एकदा जामीन राहिले की खटला संपेपर्यंत सुटका नाही, असे मुळीच नाही. आरोपीची लक्षणे ठीक दिसत नसतील, तो घर विकण्याच्या किंवा मुलूख सोडण्याच्या गोष्टी करीत असेल, तर जामीनदाराने न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून आपली जबाबदारी रद्द करून मागावी. आरोपीस वॉरंटाने बोलावले जाते, तो समोर आला की जुन्या जामीनदाराचा मुचलका संपतो, आणि आरोपीस दुसरा जामीन द्यावा लागतो, नाहीतर तुरुंगाची वाट धरावी लागते. न्यायालयाच्या आवारात मिळणाऱ्या भाडोत्री जामीनदारांस या भानगडीचे सोयरसुतक नसते. त्यांना आळा बसावा म्हणूनच आपण आजवर किती जणांस जामीन राहिलो याचे प्रतिज्ञापूर्वक निवेदन प्रत्येक जामीनदाराकडून घेण्याची तरतूद कायद्यात आली.

आता तारीख चुकणे आणि फरार होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. आजारपण, एसटी बंद पडणे, वकिलाचा निरोप न पोचणे अशा कारणांनी गैरहजर राहिलेल्याने लागलीच हजेरीमाफीचा अर्ज दिला, अथवा वॉरंट निघाले असल्यास स्वतः हजर होऊन ते रद्द करून मागितले, तर न्यायालये सहसा ऐकून घेतात. समन्सने किंवा जामीनपात्र वॉरंटाने काम भागणार असेल तेथे बिनजामिनी वॉरंट काढू नये, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली घालून दिला आहे. अनर्थ होतो तो, चूक झाल्यानंतर भीतीने आणखी चार तारखा बुडविणाऱ्याचा. कारण ‘पकड वॉरंट जुने झाले की आपोआप मरते’ ही व्हरांड्यातील समजूत खोटी आहे. वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करीपर्यंत ते जिवंत राहते, आणि भारताच्या कोणत्याही भागात त्याची बजावणी होऊ शकते. साताऱ्यातून निघून सुरतेस जाऊन राहिल्याने काही साधत नाही.

वॉरंट बजावता येत नाही आणि आरोपी दडून बसला आहे असे मानण्यास आधार असला, म्हणजे न्यायालय जाहीरनामा काढते. त्यात हजर होण्यास किमान तीस दिवसांची मुदत असते. तो गावातील ठळक जागी मोठ्याने वाचला जातो, त्याची प्रत राहत्या घराच्या दर्शनी भागी चिकटवितात, एक न्यायालयाच्या इमारतीवर लावतात, आणि न्यायालयास वाटल्यास वर्तमानपत्रातही देतात. ज्या घरातून मुलीची वरात निघाली त्याच दारावर तो कागद फडफडताना पाहणाऱ्या आईबापांची कल्पना वाचकांनीच करावी. ज्यांना दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैद, जन्मठेप वा देहदंड सांगितला आहे अशा गुन्ह्यांतील आरोपीस त्यानंतर उद्घोषित अपराधी ठरविता येते, आणि मग त्याची स्थिती फारच पालटते. त्याला एखादा खाजगी नागरिकसुद्धा पकडू शकतो, मात्र सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. तो गावात आल्याची खबर देणे हे पोलीस पाटलाचेच नव्हे, तर तेथे राहणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. आणि जाहीरनामा न जुमानल्याबद्दल त्याला सात वर्षांपर्यंतची कैद व दंड होऊ शकतो. इतर गुन्ह्यांत हीच शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे.

मालमत्तेवर टाच येते तीही याच टप्प्यावर. एरवी ती जाहीरनाम्यामागून येते. परंतु आरोपी मालमत्ता विकण्याच्या किंवा हलविण्याच्या बेतात असल्यास जाहीरनाम्याबरोबरच आणता येते. टाच आली म्हणजे दुसऱ्याच दिवशी लिलाव, असे मात्र नाही. नाशवंत वस्तू वगळता सहा महिने विक्री होत नाही, आणि त्या अवधीत कुटुंबातील ज्याचा त्यात स्वतंत्र हिस्सा असेल त्याला हरकत घेता येते. आपण पळालो नव्हतो आणि जाहीरनामा कळलाच नव्हता, हे दोन वर्षांच्या आत हजर होऊन सिद्ध करणाऱ्यास मालमत्ता, किंवा ती विकली गेली असल्यास खर्च वजा जाता उरलेले पैसे, परत मिळतात.

आसरा देणाऱ्या नातलगांविषयीचा भ्रम आपल्याकडे विशेष खोल आहे. ‘रक्ताचे माणूस आहे, दाराशी आले तर हाकलून कसे द्यावे?’ हा प्रश्न मनुष्यस्वभावास धरून असला, तरी ज्याच्या अटकेचा हुकूम निघाला आहे त्याला जाणूनबुजून लपविणे हा गुन्हा आहे, आणि त्यातून सूट आहे ती केवळ पतीला किंवा पत्नीला. भाऊ, मेहुणा, मामा, जिवलग मित्र यांपैकी कोणालाही ती नाही.

‘आरोपीच नाही, तर खटला चालणार कसा?’ हा युक्तिवाद अलीकडेपर्यंत निम्मा तरी खरा होता. पूर्वी फरारी आरोपीच्या पश्चात साक्षी नोंदवून ठेवता येत, पण निकाल देता येत नसे. 2024 पासून अमलात असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 356 ने ती भिंत पाडली. खटला चुकविण्यासाठी पळालेला, आणि नजीकच्या काळात हाती लागण्याची आशा नसलेला उद्घोषित अपराधी आपला उपस्थितीचा हक्क सोडतो असे मानून, आरोप निश्चित झाल्यावर नव्वद दिवसांनी खटला सुरू करून निकालही देता येतो. तत्पूर्वी दोन वॉरंटे, वर्तमानपत्रातील सूचना, नातलगास कळविणे हे सोपस्कार आवश्यक आहेत, आणि त्याला वकील नसेल तर सरकार देते. शिक्षा झाल्यावर अपील करायचे, तर स्वतः अपील न्यायालयापुढे यावे लागते. आणि निकालापासून तीन वर्षे उलटली की ती वाटही बंद होते.

काही वर्षे काढली की मुदत टळते, असे म्हणणाऱ्यांस एवढेच सांगावे की, तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांस मुदतीचे बंधनच नाही, आणि जेथे आहे तेथे फरारीचा काळ मोजला जात नाही. समुद्र ओलांडणाऱ्यांचेही तसेच. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम 2005 साली पोर्तुगालमधून परत आणला गेला आणि 2017 साली त्याला जन्मठेप झाली. पोर्तुगालला दिलेल्या वचनामुळे त्याची कैद पंचवीस वर्षांपलीकडे जाणार नाही, परंतु ती मोजली जाते 2005 पासून, पळून गेला त्या दिवसापासून नव्हे.

एक गैरसमज मात्र पळणाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा आहे, आणि न्यायबुद्धी शाबूत असलेल्या माणसाने तोही बाळगू नये: पळाला म्हणजे गुन्हा केलाच. निर्दोष मनुष्यही पोलिसांच्या वा वैऱ्याच्या धास्तीने गाव सोडतो, आणि निव्वळ पळण्यावरून अपराधी मनाचा निष्कर्ष निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 सालीच म्हटले आहे. अशा धास्तावलेल्या कोणी हे वाचले असेल, किंवा त्याच्या घरच्या कोणी वाचले असेल, तर त्यांनी वॉरंट दारी येण्याची वाट न पाहता वकिलास घेऊन स्वतः न्यायालयात जावे. वकिलाची ऐपत नसेल, तर तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, म्हणजे पात्र व्यक्तीस वकील विनामूल्य मिळतो.