पाळणा आणि कलंक

गेल्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रभातफेरीत मी फलक घेऊन चालले. घरी येताच आईने विचारले, "हे काय असते वं?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा समजावणे मलाच आले, आणि बोलता बोलता ओळखीच्या एका वहिनींचा विषय निघाला. त्यांचे नाव-वस्ती मी लिहीत नाही.

नवरा-बायको दोघेही एच.आय.व्ही. बाधित, पण ते कोणास ठाऊक नव्हते. हळदीकुंकवाला बायका विचारीत, "पाळणा केव्हा हलणार?" मूल नसले की संशय, म्हणून मूल हा जणू निरोगीपणाचा दाखला! पुढे वहिनींना दिवस गेले आणि आजाराचा बोभाटा झाला. मग त्याच बायका म्हणाल्या, "लेकराचा तरी विचार करायचा!" डोहाळजेवणाला चौघीच आल्या. म्हणजे मूल नसणे हा दोष आणि होणे हाही दोष.

वास्तविक शास्त्र काय सांगते? कोणतेही उपचार न घेतल्यास अशा मातांच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईने गोळ्या नियमित घेतल्या आणि बाळालाही जन्मतः औषध दिले, तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. सरकारने ही औषधे २००४ पासून मोफत देण्यास सुरुवात केली. पण वहिनी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवीत. घरी पाहुणे असले की गोळी चुके. गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो आणि बाळाचा धोकाही वाढतो. लोक ज्याला भितात, ते लोकांच्या भीतीनेच जवळ येते!

कायद्यानेही वळण घेतले आहे. बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले होते. ते मत अनावश्यक होते, असे त्याच न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार बाधित गर्भवतीचा गर्भपात वा नसबंदी तिच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीविना करता येत नाही. निर्णय त्या दोघांचा आहे, शेजाऱ्यांचा नव्हे.

वहिनींचे बाळ आज दीड वर्षाचे आहे. शेवटच्या तपासणीतही त्याला लागण आढळली नाही. हे ऐकून आई बराच वेळ गप्प बसली. डोहाळजेवणाला न गेलेल्यांत तीही होती.

"मंग त्या दिवशी मी जायले पायजे होतं," ती म्हणाली.