भेग नुसती बुजवू नका!

दिवाळी आली की रंगारी छताच्या भेगेत लांबी भरतो, वर डिस्टेंपरचा हात मारतो आणि छत कसं नवंकोरं दिसतं! पण पुढच्या पावसाळ्यात भेग पुन्हा तिथंच हजर. असं का बरं होतं?

केसासारख्या जाळीदार भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात, त्यांची धास्ती नको. पण भेग सळईच्या वाटेनं सरळ जात असेल, कडेला तांबूस डाग असेल, ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तर दुखणं आतलं समजावं. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळई गंजत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि हे कवच संपतं. समुद्रकाठची खारी हवाही तेच करते. त्यात वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर गळत असेल तर बघायलाच नको! गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो नि काँक्रीट आतून फोडतो. तिथं लांबी बिचारी काय करणार?

आधी गळती थांबवायची. मग सैल काँक्रीट काढून सळया घासायच्या, झिजलेल्यांना नव्यांची जोड द्यायची आणि नंतरच मसाला भरायचा. खांब कमजोर असेल तर भोवती नव्या सळया नि काँक्रीटचं ‘जॅकेट’ घालतात. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानात खांबांना कार्बन धाग्यांचं कापड गुंडाळण्याची पद्धत वाढली; आता आपल्याकडेही ते करतात.

सोसायटीच्या सभेत खर्चाचं नाव निघालं की मंडळी गप्प! तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी, असं आदर्श उपविधींतच आहे, तेवढं दाखवा. बीमला किंवा खांबाला तिरकी भेग दिसली, तर मात्र सभेची वाट न बघता त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा.