मांजरं तीन, लिटर बॉक्स एक!

घरात एकच मांजर असतं तोवर सगळं सुरळीत चालतं. मग सोसायटीच्या जिन्यात पावसात भिजलेलं पिल्लू सापडतं, कुणी परगावी जाताना आपला बोका सोपवून जातं आणि बघता बघता दोन खोल्यांत तीन मांजरं नांदू लागतात. काही दिवसांनी सोफ्याच्या कोपऱ्याला उग्र वास येतो, पायपुसणं ओलं सापडतं, एके दिवशी थेट गादीवर डाग दिसतो. घरातले लगेच निकाल देऊन मोकळे होतात, ‘नवीन मांजर आणलं म्हणून जुनं सूड घेतंय!’ त्यानंतर आरडाओरडा, चापट, कधी डागावर नाक घासणं. काही घरांत तर या गोष्टीचा शेवट मांजर पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून येण्यात होतो.

मांजर मालकावरच्या रागापोटी किंवा सूड म्हणून बाहेर घाण करत नाही, असं मांजरांच्या पशुवैद्यांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. अशा वागण्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. शरीरात काहीतरी दुखत असतं, शौचाची सोय मांजराला पटलेली नसते किंवा घरातल्या मांजरांचं आपापसात जमत नसतं. अनेक मांजरांच्या घरात ही तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली सापडतात. त्यामुळे ती क्रमानेच तपासावी लागतात.

आधी पशुवैद्य, मग बाकीचं

लघवी करताना दुखलं की मांजर त्या दुखण्याचा संबंध बॉक्सशी जोडतं आणि दुसरी, मऊ किंवा गार जागा शोधू लागतं. म्हणून गादी, धुवायच्या कपड्यांचा ढीग किंवा बेसिन. मूतखडा, मूत्राशयाचा दाह, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह यांपैकी काहीही असू शकतं. म्हाताऱ्या मांजराचे सांधेही पाहावे लागतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, तेव्हा ९० मांजरांत सांध्यांची झीज आढळली. अशा मांजराला उंच कडा ओलांडून बॉक्समध्ये शिरणं जड जातं आणि ते बॉक्सच्या शेजारीच बसतं.

एक परिस्थिती मात्र आणीबाणीची आहे. बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जातो, जोर करतो, ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो आणि लघवी थेंबभर येते किंवा येतच नाही, असं दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात बारीक खडे किंवा चिकट स्रावाचा गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीही जीव जातो. ‘बद्धकोष्ठ झालं असेल’ म्हणून सकाळची वाट पाहण्यात मोलाचे तास निघून जातात. घरातली पॅरासिटामोलची गोळी तर चुकूनही देऊ नये. माणसाला चालणारं हे औषध मांजराला विषासारखं आहे, एका गोळीनेही ते दगावू शकतं.

बऱ्याच मांजरांच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, खडेही दिसत नाहीत, तरी मूत्राशयाला सूज असते, लघवीत रक्त येतं. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत मूत्रमार्गाच्या तक्रारींमागे हे कारण सर्वाधिक आढळतं. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी या आजाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा मांजरांत ताणामुळे आजार उसळतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. त्यांच्या गटाने ४६ मांजरांच्या घरांतल्या मांडणीत बदल सुचवून दहा महिने पाठपुरावा केला. लपायच्या जागा, उंच बैठका, खेळ, बॉक्सची नीट सोय असे ते बदल होते. लघवीच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्याचं २००६ साली त्यांनी नोंदवलं. म्हणजे घराची मांडणी हा इथे उपचाराचाच भाग ठरतो.

मातीची सवय

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातलं रानमांजर. भुसभुशीत माती उकरायची, काम उरकायचं आणि वर माती ओढायची ही सवय तिथली. वाड्यात किंवा कौलारू घरात मांजराला परसदार होतं, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माती असते ती फक्त कुंड्यांत. म्हणून तुळशीच्या कुंडीवर संक्रांत येते.

बाजारातलं लिटर हा मातीलाच पर्याय आहे. १९४७ साली अमेरिकेतील एडवर्ड लो यांनी शेजारणीला मांजराच्या खोक्यासाठी राखेऐवजी पाणी शोषणारी दाणेदार माती दिली आणि त्यातून एक उद्योगच उभा राहिला. पुढे १९८०च्या दशकात ओलं झाल्यावर गोळा धरणारी बेंटोनाइट माती वापरात आली. आपल्या शेजारच्या कच्छमध्ये या मातीचे मोठे साठे आहेत. बहुतेक मांजरांना बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गोळा धरणारं लिटर आवडतं. लॅव्हेंडरचा सुगंध माणसासाठी असतो. मांजराचं नाक कितीतरी तिखट, त्याला तो वास नकोसा होऊ शकतो.

मांजरागणिक एक, वर आणखी एक

मांजरं जितकी, त्यापेक्षा एक बॉक्स जास्त हा पशुवैद्यांचा सर्वमान्य सल्ला आहे. तीन मांजरं असतील तर चार बॉक्स. हे ऐकून छोट्या घरातले लोक दचकतात. पण आकड्याइतकीच जागाही महत्त्वाची आहे. चारही बॉक्स न्हाणीघरात ओळीने ठेवले तर मांजरांच्या लेखी ती एकच जागा. दारात दांडगा बोका पसरला की चारही बॉक्सची वाट बंद. त्याउलट एक बाल्कनीत, एक बेडरूमच्या कोपऱ्यात, एक दिवाणखान्यात टेबलाखाली अशी विभागणी केली तर तीन बॉक्सवरही बऱ्याच घरांचं भागतं.

जागा शांत असावी आणि तिथून येणारा-जाणारा दिसावा. वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलेल्या बॉक्सजवळ मशीन ऐन वेळी खडखडू लागलं की मांजर पुन्हा तिथे फिरकत नाही. जेवणाच्या वाटीजवळ तर बॉक्स नकोच. न्हाणीघरात ठेवायचा असेल तर दार लागणार नाही आणि अंघोळीचं पाणी उडणार नाही, एवढं पाहावं. बाल्कनीतला बॉक्स पावसाळ्यात आत घ्यावा.

आकाराबाबत २०१४च्या सूचना सांगतात की, बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी. दुकानातले बरेच ट्रे या मापात बसत नाहीत. कपडे भिजवायचा मोठा, उथळ टब स्वस्तात हे काम करतो. म्हाताऱ्या मांजरासाठी त्याची एक कड कापून खाली आणावी आणि कापलेली धार चिकटपट्टीने झाकावी. झाकणाचा बॉक्स माणसाला नीटनेटका वाटतो, पण आत वास कोंडतो आणि बाहेर दुसरं मांजर दबा धरून बसलं तर पळायला वाट राहत नाही. लिटरचा थर दीड-दोन इंचांचा पुरे.

स्वच्छतेत तडजोड नाही. दिवसातून निदान एकदा, शक्यतो दोनदा गोळे आणि शी काढावी, वर नवं लिटर टाकावं. ठरावीक दिवसांनी सगळं लिटर बदलून टब साध्या साबणाने धुवावा. रोजच्या सफाईचा माणसालाही फायदा आहे. टॉक्सोप्लाझ्माचा परोपजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, तोवर विष्ठा घराबाहेर गेलेली बरी. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्या कुणी करावं. तिलाच करावं लागलं तर हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

न दिसणारं भांडण

मांजरं गुरगुरत नाहीत, मारामारी करत नाहीत, म्हणजे सलोखा आहे असं नाही. एक मांजर पॅसेजच्या मधोमध निवांत बसतं, नुसतं टक लावून बघतं आणि दुसरं अर्ध्या वाटेतून परत फिरतं. घरच्यांना यात काहीच दिसत नाही. दुसऱ्या मांजराला मात्र बॉक्सपर्यंत जाता आलेलं नसतं. एकमेकांना चाटणारी, अंगाला अंग लावून झोपणारी मांजरं एका गटातली समजावीत. घरात असे जितके गट, तितक्या ठिकाणी अन्न, पाणी, झोपायची जागा आणि बॉक्स यांची वेगवेगळी सोय हवी. उंचावरच्या फळ्या, कपाटाचा माथा, खिडकीची कट्टी मोकळी करून दिली तर छोट्या घरातही जागा वाढते. नवं मांजर आल्यावर सुरुवातीला त्याला वेगळ्या खोलीत ठेवावं. अंथरुणांची अदलाबदल करून एकमेकांच्या वासाची ओळख करून द्यावी आणि मगच समोरासमोर आणावं.

भिंतीवर, पडद्यावर, सोफ्याच्या पाठीवर उभ्याने मारलेली फवारणी हा वेगळा प्रकार आहे. शेपटी ताठ, टोक थरथरतं आणि थोडीशीच लघवी. ही हद्दीची खूण असते. नसबंदीनंतर दहापैकी साधारण नऊ बोक्यांत हा प्रकार थांबतो किंवा बराच कमी होतो. नसबंदी झालेल्यांतही तो दिसला, तर खिडकीबाहेर येणारा भटका बोका किंवा घरातली चढाओढ हे कारण असू शकतं.

कोणाचं काम हे कळत नसेल तर अंदाजाने शिक्षा करू नये. ओळखूनही करू नये. शिक्षेने ताण वाढतो आणि मांजर लपून तेच करतं. गुन्हेगार शोधायला जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून ठेवता येतो. पशुवैद्य एखाद्या मांजराला फ्लुरेसिन हा रंग देऊ शकतात. त्या मांजराची लघवी अतिनील टॉर्चखाली चमकते.

डाग पुसताना

वास राहिला की मांजर पुन्हा तिथेच येतं. वरून अगरबत्ती किंवा अत्तर लावून भागत नाही. लघवीतले घटक तोडणारी एन्झाइमयुक्त द्रावणं प्राण्यांच्या दुकानात मिळतात, ती वापरावीत. अमोनिया असलेली द्रावणं टाळावीत, त्यांचा वास लघवीशी जुळतो. ब्लीचही नको, लघवीशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. आणि फिनेल तर अजिबात नको. फिनॉलजन्य द्रव्यांचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. फरशीवरचं फिनेल पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं आणि विष पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या जंतुनाशकांतही अशी द्रव्यं असू शकतात.

जिथे मांजर वारंवार जातं, तिथेच काही दिवस बॉक्स ठेवून बघावा. तो नियमित वापरला जाऊ लागला की रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्यावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. कोणतं मांजर, कुठे, केव्हा गेलं याची वहीत रोजची नोंद ठेवली तर पशुवैद्यालाही निदान सोपं जातं. घडी बसायला काही आठवडे लागतात. मासळीबाजारात सोडलेल्या घरच्या मांजराला तेवढे दिवस काढणं फार अवघड असतं.