गोठ्यातली जुनी जीप: भंगार की ठेवा?

नाशिक जिल्ह्यात गावोगाव हिंडलात तर एक गोष्ट कुठे ना कुठे नजरेस पडतेच. निफाडकडे द्राक्षबागेच्या कडेला, दिंडोरीला एखाद्या वाड्यामागे, नाहीतर पेठेच्या वाटेवर चिंचेखाली एक जुनी जीप उभी असते. टायर बसलेले, मागच्या बाकावर कडब्याच्या पेंढ्या, आणि सीटखाली कोंबडीने अंडी घातलेली. एके दिवशी भंगारवाला येतो, वजनावर भाव करतो, आणि दुपारपर्यंत गाडीचे तुकडे होतात. घरातले म्हातारे तेवढे हळहळतात.

आता तुम्ही म्हणाल, "मग काय ते डबडं जन्मभर सांभाळायचं?" तसे मुळीच नाही. प्रत्येक जुनी गाडी राखण्याजोगी नसते. पण मोडीत काढण्यापूर्वी आपल्या दारात काय उभे आहे, एवढे तरी माणसाने ओळखावे.

जीप जन्मली ती लढाईसाठी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशा झालेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि नागरिकांच्या हाती आल्या. पुढे १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने विलिसशी करार करून मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. नाशिकचे नाते त्यानंतरचे, पण घट्ट. सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातून २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ रस्त्यावर आली. इगतपुरीला इंजिनांचा कारखाना आहे. म्हणजे या गाड्यांची नस जाणणारे हात आपल्याच जिल्ह्यात आहेत.

आधी ओळख पटवू. गाडीच्या तोंडाशी जाळीच्या उभ्या फटी मोजा. फोर्डच्या नमुन्याची पत्र्याची जाळी असलेल्या लढाईतल्या जीपला नऊ फटी असत; विलिसच्या नागरी जीपला सात. लढाईतल्या जीपचे स्टिअरिंग डावीकडे, दिवे लहान आणि आत बसवलेले, आणि मागे उघडणारे फळकूट नाही. मग बॉनेट पहा. बसके असेल तर शौकीन त्याला 'लो बॉनेट' म्हणतात, उंच असेल तर 'हाय बॉनेट'. ही उंची शोभेसाठी नाही बरे का! १९५३ साली अमेरिकेत सीजे-३बी हा नमुना निघाला. त्याच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह बाजूचा काढून डोक्यावर बसवला. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उचलावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद पडला. आपल्याकडे मात्र त्याची परंपरा पुढे कितीतरी वर्षे चालली.

ओळख पटली, आता तब्येत पहा. रंगावर भुलू नका. गाडीखाली वाकून चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत वाजल्या तर बरे. भद्द आवाज आला तर आत गंज पोखरतो आहे असे समजा. ऑइलची कांडी काढून पहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. चालत्या गाडीचा धूरही बोलतो: निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, काळा असेल तर इंधन जास्त जाते आहे. इंजिन, गिअर, पाटे हे सारे दुरुस्त होते. चासी कुजली असेल तर मात्र मोह आवरलेला बरा.

दहा-बारा वर्षे झोपलेल्या पेट्रोल गाडीला एकदम धक्का मारून उठवू नये. सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो. घाईने पिस्टनच्या रिंगा मोडतात. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग हँडलने हाताने सावकाश फिरवून पाहावे. मोकळे फिरले तर ऑइल, पाणी, बॅटरी बदलून मगच चालू करावे. ब्रेकची रबरे आटलेली असतात, ती बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. कसारा किंवा वणीचा घाट कुणाची गय करत नाही. आणखी एक. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात. त्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे, कागद! किती गाड्या कागदांवाचून मेल्या, याची गणती नाही. आरसी पुस्तक शोधा. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पहा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसांच्या नावे करून घेणे आधी आले.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळा नियम केला. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली आणि मुदत दहा वर्षांची. पण यात दोन अटी आहेत. एक, ही गाडी प्रदर्शनात न्यावी, रॅलीत चालवावी. रोजच्या कामाला किंवा भाड्याला लावता येत नाही. दोन, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पुष्कळांनी डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोलचे मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवले आणि जुने भंगारात दिले. त्या वेळी ते शहाणपणाचे वाटले. आज तेच इंजिन शोधत लोक मुंबईला कुर्ल्याचा बाजार धुंडाळतात. म्हणून सांगणे असे, की काढलेला मूळ भाग फेकू नका. ग्रीस लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा.

गुरुजींसाठी एक सूचना. गावात अशी जीप असेल तर मालकाला विचारून विज्ञानाचा एक तास तिच्यापाशी घ्या. आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले तर प्लास्टिकची झाकणेच दिसतात. जुन्या जीपमध्ये पंखा, पट्टा, रेडिएटर, कार्ब्युरेटर, सारे उघडे. चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकून दाखवा. चिखलातून ती कशी निघते हे मुलांना चटकन कळेल. कठीण डांबरी रस्त्यावर हा दांडा का टाकू नये, हेही विचारा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात, आणि दोन्हींची गती एकत्र बांधली तर यंत्रावर ताण येतो. पोरे उत्तर शोधतील.

तेव्हा भंगारवाला दारात आला तर त्याला चार दिवस थांबवा. फटी मोजा, चासी ठोका, कागद शोधा, आणि गावातल्या जुन्या मिस्त्रीला एकदा बोलावून आणा. ज्या मिस्त्रीला ही गाडी नुसत्या आवाजावरून कळते, त्याच्यापाशी आपला एखादा पोरगाही शिकायला बसवा. गाडी राहिली न राहिली, ती विद्या तरी घरात राहील.