ड्यूक एलिंग्टन आणि दुसऱ्यांची गाणी

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री अमेरिकेतील सुमारे सात कोटी तीस लाख माणसे दूरचित्रवाणीसमोर बसून इंग्लंडातून आलेल्या चार तरुणांचे गाणे ऐकत होती. ते चौघे म्हणजे बीटल्स. त्या रात्री त्यांनी पाच गाणी म्हटली. ‘ऑल माय लव्हिंग’ हे पहिले आणि ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ हे शेवटचे. पुढल्याच वर्षी ही दोन्ही गाणी एका निराळ्याच ध्वनिमुद्रिकेत अवतरली. तेथे कोणी गात नव्हते आणि गिटारही नव्हती. होता तो जाझ संगीताचा एक मोठा वाद्यवृंद, आणि त्याच्या पियानोवर बसला होता पासष्टीतला एक निग्रो संगीतकार, ड्यूक एलिंग्टन. त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘एलिंग्टन ’६६’.

तिच्या आधीची ‘एलिंग्टन ’६५’ हीही त्याच जातीची. दोहोंत मिळून वीसाहून अधिक गाणी आहेत, आणि त्यांतील बहुतेक सगळी दुसऱ्यांनी रचलेली. काही ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतील : ‘हॅलो, डॉली!’ आणि ‘पीपल’. काही चित्रपटांतील : ‘मून रिव्हर’, ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’, ‘नेव्हर ऑन संडे’. बाकीची त्या काळी घरोघर वाजणारी लोकप्रिय गाणी, आणि त्यांत बॉब डिलनचे ‘ब्लोइन इन द विंड’ देखील! स्वतः हजारावर रचना केलेल्या माणसाने हा उसना बाजार का मांडावा, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळ रसिकांना पडला. तो प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

पहिली गोष्ट ही की, नाटकातले गाणे उचलून ते आपल्या पद्धतीने मांडणे ही जाझची जुनीच रीत होय. आपल्याकडे नाट्यपदांचे जे झाले त्याचे येथे स्मरण व्हावे. ‘मानापमान’ रंगभूमीवर आले १९११ साली. त्यातली पदे पुढे नाटकाच्या वेळकाळापासून सुटली आणि ख्यालगायकांच्या मैफलींत स्वतंत्रपणे नांदू लागली. ब्रॉडवेच्या गाण्यांचेही असेच झाले. नाटके विस्मरणात गेली, गाणी उरली. त्यांचा साचा बहुधा बत्तीस मापांचा असतो : आठ मापांची एक ओळ दोनदा, मग आठ मापे अंतऱ्यासारखा निराळा भाग, आणि पुन्हा मूळ ओळ. हा साचा वादकाला तोंडपाठ असतो. त्यावर स्वरसंगतींची जी मांडणी असते ती पक्की धरून तो नवी चाल बांधत जातो. बीटल्सनीही त्या रात्री एक ब्रॉडवेचे गाणे म्हटले होते, ही गंमत येथे सांगून ठेवतो : ‘टिल देअर वॉज यू’, १९५७ च्या ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेतले. तेव्हा जुने आणि नवे यांच्यामध्ये जी भिंत लोक कल्पीत होते तिला खिडक्या होत्या.

दुसरी गोष्ट व्यवहाराची, आणि मला वाटते, खरी कळ तेथेच आहे. पंधरा वादकांना वर्षभर पगार देऊन फिरविणे हे फार महागडे काम आहे. युद्धानंतर नाचघरांचा बहर ओसरला, प्रवासखर्च वाढला, श्रोता वाद्यवृंदाऐवजी गायकाकडे वळला. १९४६ च्या अखेरीस अमेरिकेतील अनेक नामांकित वाद्यवृंद अवघ्या काही आठवड्यांत मोडले. एलिंग्टनने आपला मोडला नाही. आपल्या जुन्या गाण्यांच्या हक्कांतून येणारे उत्पन्न तो या संसारात ओतीत राहिला. नवी ओळ लिहिली की ती लगेच ऐकायला मिळावी, म्हणून वादक जवळ हवेत. हे त्याचे गणित होते. १९६२ च्या अखेरीस गायक फ्रँक सिनात्राच्या ‘रिप्रीज’ या कंपनीशी त्याने करार केला. कंपनीला खपणारा माल हवा होता. ‘हॅलो, डॉली!’ काय करू शकते हे तर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते : चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेल्या बीटल्सना ९ मे १९६४ च्या यादीत खाली उतरविले ते बासष्ट वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगने गायिलेल्या याच गाण्याने. मग एलिंग्टननेही दैव अजमावून पाहिले तर त्यात नवल ते काय!

आता हे काम होते कसे ते पाहू. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ज्याला ‘अरेंजर’ म्हणतात, त्याचे हे काम. चाल एकाची, परंतु कोणते वाद्य कोठे बोलेल, कोण कोणाला उत्तर देईल, हे कागदावर उतरविणारा दुसरा. गोमंतकातून मुंबईस गेलेल्या वादकांनी हे काम हिंदी चित्रपटांत वर्षानुवर्षे केले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींना दिलेला वाद्यमेळ कोणाच्या कानांत नाही? आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) तर आल्दोण्याच्या चिक चॉकलेटचा वृंद पडद्यावरही दिसतो. एलिंग्टनकडे हे काम तो स्वतः आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न असे दोघे करीत.

सामान्य अरेंजर ‘तिसरा ट्रॉम्बोन’ असे लिहितो. एलिंग्टन माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिही. १९३० च्या ‘मूड इंडिगो’त त्याने ट्रंपेट व ट्रॉम्बोन यांची तोंडे झाकून ट्रॉम्बोनला वरच्या स्वरांत चढविले आणि नेहमी वर असणारी क्लॅरिनेट खर्जात उतरविली. तीनच वाद्ये, पण तो रंग दुसऱ्या कोणास साधला नाही. कारण तो वाद्यांचा नव्हता, त्या तिघा माणसांचा होता. साठीच्या दशकातही त्याच्याजवळ अशी माणसे होती. जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाई, तेव्हा आपल्या कानालाही ओळख पटावी. कूटी विल्यम्स ट्रंपेटच्या तोंडावर रबरी पेला धरी आणि तो उघडझाप करीत वाद्याला बोलावयास लावी. हा पेला म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करण्याचे घरगुती साधन, दांडी काढलेले! टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस होता. गोव्याच्या श्रोत्यांना हे आडनाव घरचे वाटेल. पण त्याचे आईबाप केप व्हर्डे बेटांवरचे, म्हणजे पोर्तुगिजांच्याच दुसऱ्या एका वसाहतीतले. १९५६ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात याने ब्लूजची सत्तावीस आवर्तने एका दमात वाजवून सारा समाज उभा केला होता. आणि हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन तर १९२७ पासून या इमारतीचा पाया होता.

अशा मंडळींच्या हाती ‘मून रिव्हर’ पडले की काय होते हे सहज कळते. ती चाल त्यांच्या जातकुळीची आहे. अडचण येते ती बीटल्सच्या गाण्यांची. रॉक संगीतात एका मात्रेचे दोन सारखे तुकडे पडतात. जाझच्या ‘स्विंग’मध्ये ते विषम असतात, मात्रेचे तीन भाग कल्पून पहिले दोन एका स्वराला आणि उरलेला एक दुसऱ्याला, असा काहीसा तो झोल. दादऱ्याच्या अंगाने कोणी केहरवा म्हणावा तसा. म्हणून ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ स्विंगमध्ये आणले की त्यातला पोरवयाचा धसमुसळेपणा जातो आणि एक प्रौढ मिस्किलपणा येतो. शब्द गेलेले, गळा गेलेला. उरते ती नुसती चाल, आणि ती किती पाण्यात आहे हे लगेच उघड होते. ‘ऑल माय लव्हिंग’ या कसोटीस पुष्कळच उतरते. सगळी उतरत नाहीत. काही ठिकाणी तीन मिनिटांत गाणे उरकून मोकळे झाल्यासारखे वाटते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अशाच वाटेने काउंट बेसीही गेला. १९६६ साली त्याने बीटल्सच्या गाण्यांची आख्खी ध्वनिमुद्रिकाच काढली.

या हलक्याफुलक्या मानल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या पाठीमागे १९६५ सालचा एक कटु प्रसंग उभा आहे. त्या वर्षी पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत परीक्षकांनी शिफारस केली की, कोणा एका नव्या कृतीस पारितोषिक न देता एलिंग्टनच्या आयुष्यभराच्या कार्याचा विशेष गौरव करावा. वरिष्ठ मंडळाने ती फेटाळली आणि संगीताचे पारितोषिक कोणालाच दिले नाही. तिघा परीक्षकांपैकी दोघांनी राजीनामे दिले. नुकतीच सहासष्ट वर्षे पूर्ण केलेला एलिंग्टन एवढेच म्हणाला की, आपण लहान वयात फार प्रसिद्ध होऊ नये अशी दैवाची इच्छा दिसते. पुढल्या मार्चमध्ये त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, ते नेमके ‘एलिंग्टन ’६६’ बद्दल! विद्वानांनी नाकारले, बाजाराने गौरविले. आणि तेही दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी. पुलित्झरवाल्यांनी त्याचा विशेष गौरव केला तो १९९९ साली, त्याच्या जन्मशताब्दीत. तोवर त्याला जाऊन पंचवीस वर्षे होत आली होती.

हा वृंद उसन्या गाण्यांवर जगवला त्याचे फळ काय, हे पाहायचे तर दिल्लीकडे वळावे लागते. १९६३ च्या शरदात अमेरिकन सरकारच्या वतीने एलिंग्टन वाद्यवृंदासह आपल्या देशात आला होता. दौरा पुढे तुर्कस्थानात असताना केनेडींची हत्या झाली आणि तो तेथेच थांबला. त्या प्रवासाच्या आठवणींतून त्याने व स्ट्रेहॉर्नने ‘फार ईस्ट स्वीट’ रचली आणि डिसेंबर १९६६ मध्ये ती ध्वनिमुद्रित केली. तीत ‘आग्रा’ आहे, आणि दिल्लीच्या पक्ष्यावरचीही एक रचना आहे. त्या पक्ष्याची शीळ क्लॅरिनेटवर वाजविणारा जिमी हॅमिल्टन, मागचा हॉजेस, खालचा कार्नी ही सारी तीच माणसे, जी वर्षा-दोन वर्षांपूर्वी बीटल्सची गाणी वाजवीत होती. पाच महिन्यांनी, मे १९६७ मध्ये, स्ट्रेहॉर्न गेला. हॉजेस १९७० साली गेला. एलिंग्टन २४ मे १९७४ रोजी वारला. कार्यक्रमाच्या गावी जाताना त्याला आपल्या मोटारीतून नेणारा हॅरी कार्नी शेवटपर्यंत त्याच्यापाशी होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तोही गेला.